गरब्यातली धडधड आणि गादीवरची धडधड

पत्राचा सारांश: वडोदऱ्याच्या कारेलीबाग भागात राहणाऱ्या ३७ वर्षांच्या एका वाचक भगिनीचं हे पत्र आहे. त्या बँकेत नोकरी करतात. घरात नवरा, सासूबाई आणि ११ वर्षांची मुलगी. गेल्या वर्षी दिवाळीनंतर काउंटरवर बसलेल्या असताना त्यांना अचानक धडधड सुरू झाली, हात गार पडले, श्वास पुरेना. सहकाऱ्यांनी इस्पितळात नेलं. ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का हे सांगणारी रक्ततपासणी), इको (हृदयाची सोनोग्राफी), टीएमटी (सरकत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी), थायरॉइड, सगळं ठीक निघालं. तसे आणखी काही झटके आले, मानसोपचारतज्ज्ञांनी पॅनिकचं, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांचं निदान केलं, एस्सिटॅलोप्रॅम हे चिंतेवरचं औषध १० मिलिग्रॅम चालू झालं, समुपदेशनाची आठ सत्रं झाली. गेल्या चार महिन्यांत मोठा झटका एकही नाही. पण रात्री डाव्या कुशीवर वळलं की ठोका चुकतो, डाव्या हाताला मुंग्या येतात, घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं, गर्दीत डोकं हलकं होतं. मनगटावरचं घड्याळ, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि सासूबाईंचं बीपीचं यंत्र यांच्याशिवाय दिवस जात नाही. चार महिन्यांत तीन ईसीजी झाले, तिन्ही नॉर्मल. यजमान आता 'तुला काही झालेलं नाही' एवढंच म्हणून उठून जातात. मुलगी रात्री विचारते, 'आई, आज किती आले?' नवरात्र सहा आठवड्यांवर आलं आहे, मुलीला आईबरोबर गरबा खेळायचा आहे, आणि गरब्यात कोसळलेल्या माणसांच्या बातम्या यांच्या डोक्यातून जात नाहीत. त्या विचारतात: मी बरी होत असेन तर शरीर अजून असं का करतं? या वेळी खरंच हृदयाचं नाही हे कसं ओळखायचं? आणि गरब्याला जाऊ का?

ताई,

तुमचं पत्र चार पानी आहे आणि त्यात 'अजून' हा शब्द अकरा वेळा आला आहे. अजून ठोका चुकतो, अजून मुंग्या येतात, अजून घसा अडकतो. हा सगळा त्रास खरा आहे. ठोका खरोखर चुकतो, मुंग्या खरोखर येतात, तुम्ही काही कल्पना करत बसलेल्या नाही. पण त्या 'अजून'मागे तुम्ही एक क्रम धरून ठेवला आहे: आधी शरीर पूर्ण शांत होईल, मग भीती जाईल, मग मी मंगळ बाजाराच्या गर्दीत जाईन, मग गरबा. बहुतेकांच्या बाबतीत हा क्रम उलटा चालतो. माणूस आधी धडधडत्या छातीने बाजारात जायला लागतो, त्यानंतर भीती ओसरते, आणि शरीराच्या तक्रारी सगळ्यांत शेवटी, कमीजास्त होत होत मागे पडतात. त्या जाईपर्यंत दारात थांबलात तर त्या जायला आणखी वेळ लागतो, कारण थांबून त्यांची वाट बघणं म्हणजे दिवसभर त्यांच्याकडेच बघत राहणं.

इथे एक छोटा प्रयोग करा. हे वाचताना थांबा आणि एक मिनिट फक्त जिभेकडे लक्ष द्या. ती दातांना कुठे टेकते आहे, किती जागा व्यापते आहे, लाळ कुठे जमते आहे. मिनिटभरात जीभ मोठी वाटू लागेल, लाळ गिळावीशी वाटेल, कदाचित ती कुठे ठेवावी हेच कळेनासं होईल. जिभेला काही झालेलं नाही. लक्ष गेलं की संवेदना मोठी होते, एवढंच. तुम्ही गेले नऊ-दहा महिने हेच छातीच्या बाबतीत करत आहात, आणि तेही भीतीने. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तुमच्या मज्जासंस्थेचं सध्या तेच चाललं आहे, ती ताक फुंकते आहे. आजार परत आल्याची ती खूण नव्हे.

आता एकेक तक्रार घेऊ, कारण 'हे सगळं टेन्शनचं आहे' एवढ्या उत्तराने कोणाचंच समाधान होत नाही.

रात्री चुकणारा ठोका. हृदयाचा एखादा ठोका वेळेआधी पडतो. त्या वेळी हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो ठोका जाणवतच नाही. मग थोडी विश्रांती होते, तेवढ्यात हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं, आणि पुढचा ठोका दणकन बसतो. म्हणजे ज्याला आपण 'चुकला' म्हणतो तो चुकलेला नसतो, लवकर पडलेला असतो, आणि जो धक्का बसतो तो हृदय नीट चालल्याचा असतो. चोवीस तासांची होल्टर तपासणी (अंगावर छोटं यंत्र लावून दिवसभराचे ठोके नोंदवणारी) केली तर ठणठणीत माणसांतही असे ठोके सर्रास सापडतात. डाव्या कुशीवर हृदयाचं टोक छातीच्या भिंतीला जास्त टेकतं, खोली शांत असते, नाडी मंद असते, म्हणून तिथे ते जास्त कळतात. जागरण, संध्याकाळचा कडक चहा, पाणी कमी पिणं, पाळीच्या आधीचे दिवस आणि पित्त यांनी ते वाढतात. रविवारी सकाळी तिखट तरी घालून सेव उसळ खाल्ली आणि सोमवारी पहाटे छातीत जळजळ आणि ठोके सुरू झाले, असं तुमच्या पत्रात दोनदा आलं आहे. तुम्ही ते वेगळ्या कारणासाठी लिहिलं होतं, पण तारखा लावून बघा. सेव उसळ सोडायची गरज नाही, तरी जरा कमी घ्या आणि जेवण व झोप यांत किमान दोन-तीन तास ठेवा.

हाताच्या मुंग्या. याची तीन कारणं असू शकतात आणि तिन्ही एकाच हातात असू शकतात. पहिलं श्वासाचं. घाबरलेला माणूस धापा टाकत नसला तरी वरचेवर उसासे सोडतो, जांभया देतो, 'पूर्ण श्वास भरला का' हे बघायला मुद्दाम मोठे श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्ताची आम्लता घटते, मोकळं कॅल्शियम कमी पडतं आणि नसा उगाच फुरफुरतात: बोटांत, ओठांभोवती. त्याच वेळी मेंदूच्या रक्तवाहिन्या किंचित आकसतात आणि डोकं हलकं होतं. ऑक्सिजन मात्र भरपूर असतो, म्हणून ऑक्सिमीटर ९८ दाखवतो आणि तुम्हाला श्वास पुरत नसल्यासारखं वाटत राहतं. यंत्र आणि शरीर दोघंही बरोबर सांगत असतात. दुसरं कारण तुम्ही स्वतःच लिहिलं आहे: रात्री अंथरुणात, कोपर दुमडून, फोनवर लक्षणं शोधत बसणं. कोपर तासभर दुमडलेलं राहिलं की तिथून जाणारी नस दबते आणि करंगळी व अनामिकेला मुंग्या येतात. तुम्ही नेमकी हीच दोन बोटं लिहिली आहेत. ज्या मुंग्यांचं कारण शोधायला फोन हातात घेतला जातो, त्यातल्या काही तरी त्या फोननेच येत आहेत. तिसरं, तुम्ही शाकाहारी आहात आणि यादीत बी-१२ची तपासणी दिसत नाही. ती एकदा करून घ्या, हिमोग्लोबिनबरोबर. कमी निघालं तर उपचार सोपा आहे. बरोबर निघालं तर तो विषय तिथे संपवायचा, महिन्याने परत तपासायचं नाही.

घशातला गोळा हा गिळण्याच्या स्नायूंचा ताण असतो. तो लाळ गिळताना जाणवतो आणि भाकरी खाताना नाहीसा होतो, हीच त्याची ओळख. 'अजून आहे का' बघायला वीस वेळा कोरडं गिळलं तर ते स्नायू आणखी आवळतात. गिळून बघायचं नाही, घोटभर पाणी प्यायचं आणि कामाला लागायचं.

डोकं हलकं होण्याबद्दल एकच विचारतो: गोळी चुकते का? पत्रात 'बाहेरगावी गेलं की कधी राहून जाते' असं एक वाक्य आहे. एस्सिटॅलोप्रॅमचा एखाददुसरा डोस राहिला तर काहींना गरगरतं, डोक्यात क्षणभर वीज चमकल्यासारखं होतं, चिडचिड होते. हे नव्या आजाराचं लक्षण नाही. गोळी ठरल्या वेळी घ्या, दात घासण्याच्या वेळेला जोडून ठेवा. आणि 'लक्षणं आहेत म्हणजे गोळी लागू पडत नाही' किंवा 'आता बरी आहे तर सोडून बघू' या दोन्ही निष्कर्षांवर स्वतःच्या मनाने येऊ नका. बरं वाटू लागल्यावरही हे औषध साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग काही आठवड्यांत हळूहळू उतरवतात. पर्समध्ये ठेवलेल्या क्लोनाझेपामच्या (झटक्यात लगेच शांत करणाऱ्या गोळीच्या) पट्टीबद्दलही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. महिनोन् महिने न घेता नुसती जवळ बाळगलेली गोळीसुद्धा 'मी हिच्याशिवाय सुरक्षित नाही' हेच मनाला शिकवत राहते. मात्र ती रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका, तेही डॉक्टरांच्या सांगण्यानेच.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण सगळी गाठ तिथे आहे. 'या वेळी खरंच हृदयाचं नाही हे कसं ओळखायचं?' या प्रश्नात एक मागणी दडलेली आहे: मला शंभर टक्के खात्री द्या. ती कोणताही ईसीजी देऊ शकत नाही. पट्टी नॉर्मल निघाली की दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना हायसं वाटतं, दोन दिवस बरे जातात, आणि तिसऱ्या दिवशी मन म्हणतं, 'पण ती तर मंगळवारची होती.' तुमचा प्रत्येक ईसीजी आधीच्या तपासणीनंतर किती दिवसांनी झाला ते बघा: सात आठवडे, मग चार, मग अडीच. खात्रीची मुदत दर वेळी आखडत चालली आहे. १९८६ साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी पॅनिकचं जे चक्र मांडलं ते असंच आहे: साधी संवेदना, तिचा भयंकर अर्थ, त्या अर्थाने आणखी संवेदना. यात तपासण्याची सवय शिरली की चक्र थांबत नाही, कारण 'तपासलं म्हणून वाचले' असं मन धरून चालतं आणि न तपासता काय होतं हे त्याला कधी कळतच नाही.

म्हणून ओळखण्याचं काम दर रात्री तुम्ही करायचं नाही. ते एकदाच, शांत डोक्याने, तुमच्या फिजिशियनसमोर बसून करायचं आणि एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून फ्रिजला लावायचं. त्यावर साधारण हे असावं: चालताना किंवा जिना चढताना छातीवर दाब येतो आणि थांबलं की जातो, छातीत दाब, घाम, जबडा, पाठ किंवा हात दुखणं, मळमळ, यातलं जे आपलं नेहमीचं वाटत नाही आणि दहा-पंधरा मिनिटांत ओसरत नाही ते, खरोखर शुद्ध हरपणं, श्रम करत असताना धडधडून भोवळ येणं, चेहरा किंवा एक बाजू लुळी पडणं, बोलणं अडखळणं. यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन करायचा, तिथे विचार करत बसायचं नाही. बायकांमध्ये हृदयाचा त्रास कधी कधी नुसती धाप, मळमळ, पाठदुखी असा येतो, म्हणून त्या ओळी कागदावर असू द्या. कागदाच्या खालच्या भागात दुसरी यादी: अन्न अडकणं, वजन घटणं, आवाज बसून न सुटणं, काळी शी होणं (यासाठी मात्र त्याच दिवशी). यासाठी त्याच आठवड्यात डॉक्टरांची साधी वेळ घ्यायची. आणि तुमच्या ओळखीच्या चार तक्रारी, ठोका, मुंग्या, गोळा, हलकं डोकं, त्या कागदावर नसतील. रात्री जे होईल ते कागदावर आहे का, एवढंच बघायचं. नसेल तर दिवा बंद. फिजिशियनना हेही विचारून घ्या की हृदयाची पुढची तपासणी केव्हा. ते 'वर्षाने' म्हणाले तर ती तारीख कॅलेंडरवर लिहायची आणि मधे नाही.

यंत्रं कशी सोडायची? एकदम फेकून देण्याच्या नादी लागू नका, तिसऱ्या दिवशी नवं आणलं जातं. घड्याळात आधी नाडीच्या सूचना बंद करा. मनगटावरचं घड्याळ हिरव्या उजेडाने त्वचेखालच्या रक्ताचा अंदाज घेतं. पट्टा सैल असला, हात हलला, घाम आला की आकडा सहज वीस-तीसने चुकतो, आणि १३० दिसलं की तुमची नाडी मग खरोखरच वाढते. तसाही बसलेल्या माणसाचा ठोका ६० ते १०० मध्ये कुठेही फिरू शकतो. तो एकाच आकड्यावर थांबलेला असावा ही अपेक्षाच चुकीची आहे. दुसऱ्या आठवड्यात घड्याळ फक्त बँकेत, तिसऱ्यात कपाटात. ऑक्सिमीटर खोक्यात घालून शेजाऱ्यांकडे ठेवायला द्या. गार बोटं आणि गडद नेलपॉलिश असली की तोही खोटं सांगतो. बीपीचं यंत्र सासूबाईंचं आहे, त्यांचं त्यांना मोजू द्या. पाठोपाठ तीनदा, बोलत, पाय दुमडून, चहा पिऊन मोजलेलं बीपी वाढीवच येतं आणि ते बघून चौथ्यांदा मोजावंसं वाटतं. मोजायची उबळ आली तर स्वयंपाकघरातल्या वहीत वेळ लिहा आणि पंधरा मिनिटं थांबा. त्या पंधरा मिनिटांत हात गुंतेल असं काहीही करा: कोथिंबीर निवडा, इस्त्री करा. पंधरा मिनिटांनी तीव्र इच्छा असलीच तर आणखी पंधरा. बहुतेकदा पहिल्या वीस मिनिटांतच उबळ उतरते, आणि ती न मोजता उतरली हे शरीराला प्रथमच कळतं. पहिले चार-पाच दिवस धडधड आणि अस्वस्थता वाढेल. हे आधीच सांगून ठेवतो, कारण इथेच बहुतेक जण 'मला हे जमत नाही, उलट वाढलं' म्हणून सोडून देतात. सिगारेट सोडताना जसं होतं तसंच हे आहे.

फोनवर शोधणंही यातच आलं. फोन रात्री बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावा, गजरासाठी साधं घड्याळ आणा. झोप लागत नसेल तर वीस मिनिटांनी उठून दुसऱ्या खोलीत बसा, अंथरुणात पडून छाती ऐकत राहू नका.

तुमच्या यजमानांवर रागावू नका, आणि त्यांनीही 'काही झालेलं नाही' म्हणणं सोडावं. ते वाक्य खोटं आहे, त्रास होतोच आहे. पण दर वेळी नाडी धरून 'ठीक आहे, ७६' असं सांगणं हाही इलाज नाही, तेही घड्याळासारखंच होतं. त्यांना हे पत्र वाचायला द्या आणि एक वाक्य ठरवून घ्या: 'भीती आली आहे ना, मी इथेच आहे, मोजायचं नाही, चल कपडे वाळत घालू.' जवळीक द्यायची, खात्री द्यायची नाही. मुलीचं मात्र लगेच बघा. अकरा वर्षांचं पोर रोज रात्री आईचे ठोके विचारतं, म्हणजे ते झोपण्याआधी स्वतःचीही छाती ऐकत असणार. तिला बसवून सांगा की आईचं हृदय तपासलं आहे, ते चांगलं आहे, आईला भीतीचा आजार झाला होता आणि तो बरा होत आहे, आणि आजपासून घरात कोणी आकडे विचारायचे नाहीत. मुलांना खरं, थोडक्यात सांगितलेलं पेलतं.

आता श्वासाबद्दल एक खबरदारी. घाबरलेल्या माणसाला सगळे सांगतात, 'खोल श्वास घे.' तो मोठमोठे श्वास घेतो आणि मुंग्या वाढतात. श्वास मोठा नको, सावकाश हवा: नाकाने चार मोजेपर्यंत हलकाच आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पोट हलेल, खांदे हलणार नाहीत. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं, भीती नसताना. धडधड आली की ती थांबवण्यासाठी हा श्वास वापरू नका. तसं केलं तर तेही एक घड्याळच होतं: श्वास घेतला म्हणून वाचले.

खरं काम पुढे आहे. ज्या संवेदनांची भीती वाटते त्या स्वतःहून, थोड्या थोड्या, मुद्दाम आणायच्या. दमा, अपस्मार, गर्भारपण, मानेचा किंवा पाठीचा मोठा त्रास किंवा हृदयविकार असेल त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. तुमच्या तपासण्या बघता तुमचे डॉक्टर हो म्हणतील असं वाटतं, पण विचाराच. जागच्या जागी गुडघे उचलून एक मिनिट पळणं, हे धडधडीसाठी. फिरत्या खुर्चीवर एक मिनिट गोल फिरणं, हे गरगरण्यासाठी. नाक धरून बारीक स्ट्रॉमधून एक मिनिट श्वास घेणं, हे श्वास न पुरण्यासाठी. अर्धं ते एक मिनिट भराभर खोल श्वास, हे मुंग्यांसाठी, आणि हे शक्यतो समुपदेशकासमोर सुरू करा. करण्याआधी वहीत लिहा: मला काय होईल असं वाटतं, आणि भीती दहापैकी किती. मग करा. संपल्यावर बसून राहा, पाणी पिऊ नका, नाडी बघू नका, श्वास सावरू नका, संवेदना आपोआप उतरू द्या. दोन-तीन मिनिटं लागतात. मग लिहा: काय झालं. एकाच संवेदनेचे लागोपाठ तीन फेरे, आठवड्यातून पाच दिवस. भीतीचा आकडा दोन-तीनवर आला की पुढची संवेदना.

यात चुकतं ते असं. पहिली चुणूक जाणवताच थांबणं, म्हणजे शरीर शिकतं की थांबलो म्हणून वाचलो. भिंतीला धरून किंवा नवऱ्याला शेजारी उभं करून करणं. टीव्ही बघत करणं, म्हणजे संवेदनेशी गाठच पडत नाही. आणि बरं वाटत असलेल्या दिवशीच करणं. ज्या दिवशी रात्रीची झोप झालेली नाही, कटकट झाली आहे, त्या दिवशी केलेला एक फेरा चांगल्या दिवशीच्या चार फेऱ्यांपेक्षा उपयोगी पडतो.

आणि गरबा. २०२३च्या नवरात्रात गुजरातभर गरब्यात हृदय बंद पडून माणसं गेल्याच्या बातम्या आल्या, त्यात तरुणही होते. त्या बातम्या खऱ्या होत्या आणि तुम्ही घाबरलात यात काही चूक नाही. पण त्या बातम्या तुमच्या हृदयाबद्दल काही सांगत नाहीत. तुमच्या हृदयाबद्दल तुमची फाइल सांगते, ती उघडा. टीएमटीच्या कागदावर नऊ मिनिटं लिहिलं आहे असं तुम्ही कळवलं आहे. नेहमीच्या ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवतात, म्हणून नऊ मिनिटं म्हणजे तिसरा टप्पा पूर्ण: ताशी साधारण साडेपाच किलोमीटर वेगाने, १४ टक्के चढावर. ३७ वर्षांच्या माणसाचा कमाल ठोका २२० मधून वय वजा करून अंदाजे १८३ धरतात, आणि टीएमटीत त्याच्या ८५ टक्के, म्हणजे १५६ च्या आसपास न्यायचा प्रयत्न असतो. 'टार्गेट हार्ट रेट' गाठला का, ते कागदावर बघा. गाठला असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ईसीजी लावून, तुमचं हृदय गरब्याइतकं धडधडून आलेलं आहे आणि पट्टी स्वच्छ आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हीच धडधड मैदानावर व्हायची तेव्हा तिला तुम्ही 'मजा आली' म्हणत होता. गादीवर होते तेव्हा तिला आजार म्हणता. ठोका तोच आहे.

तयारीला सहा आठवडे पुरेसे आहेत. पहिले दोन आठवडे संध्याकाळी कमाटीबागेत वीस मिनिटं चालणं, तिसऱ्या दिवसापासून त्यात दोन-दोन मिनिटं भरभर. सोबत वर लिहिलेले फेरे. तिसऱ्या आठवड्यात घरी गाणं लावून मुलीबरोबर बे ताळी (दोन टाळ्यांचा गरबा), दहा मिनिटं, धाप लागेपर्यंत. चौथ्यात गच्चीवर त्रण ताळी (तीन टाळ्यांचा), वीस मिनिटं, मधे न थांबता. पाचव्यात एकट्याने मंगळ बाजार, गर्दीच्या वेळी, संध्याकाळी सहाला. काहीतरी विकत घेऊन, पैसे मोजून, सावकाश परत. सहाव्यात सोसायटीच्या सरावात किंवा गच्चीवरच पाऊण तास. एखादा आठवडा मागे पडला तर तोच पुन्हा करा, पुढे उडी मारू नका.

उपवासाचं आधी ठरवून टाका. दिवसभर चहावर काढायचं, संध्याकाळी मूठभर साबुदाणा, आणि रात्री दहाला मैदानात, असं केलं तर ज्याला कधी चिंता शिवलेली नाही त्याचाही ठोका चुकेल. नऊ दिवसांचा उपवास करायचाच असेल तर दही, शेंगदाणे, राजगिरा, फळं पोटभर असू द्या, चहा दोन कपांवर, दुपारी तीननंतर नाही. जाण्याआधी सैंधव घातलेलं लिंबाचं सरबत प्या. या वर्षी निरंकार उपवास नको, सासूबाईंना डॉक्टरांचं नाव सांगा.

पहिल्या रात्री बाहेरच्या वर्तुळात उतरा. एक तास ठरवा, जास्त नाही, आणि तास भरायच्या आत भीतीने बाहेर पडू नका. ठोका चुकलाच तर टाळी चालू ठेवा. भीतीची लाट आली तर वेग कमी करा, पण वर्तुळ सोडू नका; झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरतोच. छातीवरचा दाब, भोवळ, असं कागदावरचं काही झालं तर मात्र थांबायचं, बसायचं, सांगायचं. हा फरक तुमच्या खिशात नाही, फ्रिजवर आहे, आणि सहा आठवड्यांत तो पाठ झालेला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटऱ्या दुखतील, झोप कमी झाल्याने एक-दोन ठोके जास्त चुकतील. ते जागरणाचे. तिसऱ्या रात्री पुन्हा जा.

वहीत लक्षणांची नोंद ठेवणं आजपासून बंद करा. त्या जागी लिहा: आज काय केलं. 'मंगळ बाजार, ४० मिनिटं, धडधडलं, साडी-पिन आणल्या.' तापाच्या साथीत, पाळीच्या आधी, मार्चअखेरीच्या कामात तक्रारी पुन्हा डोकं वर काढतील. तेव्हा ही वही उघडायची आणि सोडलेल्या गोष्टींपैकी एक पुन्हा सुरू करायची, नवीन तपासणी नाही.

समुपदेशनाच्या आठ सत्रांत असे सराव झाले नसतील तर तसं स्पष्ट मागा: 'मला संवेदनांना सामोरं जाण्याची थेरपी हवी आहे.' तुमच्या समुपदेशकांकडे ते होत नसेल तर सयाजीराव रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत किंवा तुमच्याच कारेलीबागेतल्या सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयात विचारा. बाकीच्या वाचकांपैकी ज्यांना अजून कोणालाच दाखवता आलेलं नाही, त्यांच्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास, मोफत आहे, आणि तिथे आपल्या भाषेत बोलता येतं. ही काळजी 'असं जगून काय उपयोग' इथवर गेली असेल तर तो फोन उद्यावर टाकू नका.

बी-१२ आणि हिमोग्लोबिनसाठी या शनिवारी रक्त देऊन या, आणि त्याच फेरीत फिजिशियनची वेळ घ्या, कागद लिहून घ्यायला. घड्याळाच्या सूचना मात्र आज रात्रीच बंद करा.